दोन वांडांची लेक

वांडा मिस जोकिम या ऑर्किडच्या फुलात आधी ओठ बघावा. ओठ म्हणजे मधली, खाली झुकलेली पाकळी. पंख्यासारखी पसरलेली, जांभळट गुलाबी. आत शिरताना तोच रंग भडक नारिंगी होतो आणि नारिंगीवर गर्द जांभळे बारीक ठिपके उठतात. वरचं निदल आणि बाजूच्या पाकळ्या गुलबट, खालची दोन निदलं मात्र फिकी. त्यामुळे नजर इकडेतिकडे न रेंगाळता थेट ओठावर उतरते. बाजूच्या पाकळ्या तळाशी पीळ खातात, म्हणून समोरून दिसते ती त्यांची पाठ! पाचेक सेंटिमीटर रुंदीच्या फुलात केवढा हा ऐवज.

हा ऐवज आला कुठून, ते या संकरित फुलाच्या आईबापांकडे पाहिलं की कळतं. वांडा टेरिस हिमालयाच्या पायथ्याची, आसाम-ब्रह्मदेशाकडची. फूल मोठं, गुलाबी, घशात पिवळी झाक. वांडा हुकरियाना मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतली. पेराकच्या किंता खोऱ्यात तर ती तण म्हणूनच ओळखली जाई. पाकळ्या फिकट, पण ओठ ऐसपैस आणि जांभळ्या ठिपक्यारेघांनी भरलेला. लेकीने हुकरियानाच्या ओठाची रुंदी उचलली, टेरिसचा रंग उचलला. दोन्हींची सरासरी काढली असती तर मिळमिळीत फूल झालं असतं. संकराची खरी रसिकता जोडी निवडण्यात असते, ती इथे दिसते.

ही जोडी जमवली सिंगापूरच्या ॲग्नेस जोकिम या आर्मेनियन बाईंनी. तिथल्या बोटॅनिक गार्डनचे हेन्री रिडली यांनी 1893 साली 'गार्डनर्स क्रॉनिकल'मध्ये या संकराची नोंद केली आणि श्रेय बाईंनाच दिलं. पुढे कुणी म्हणालं, हे काम भुंग्याचं, बाईंना रोप आयतं सापडलं. मला ते पटत नाही. रिडलींनी फूल हाताळलं होतं, बाईंची बागकामातली ख्याती त्यांना ठाऊक होती.

शिवाय काम किती अवघड होतं बघा. एका फुलाचा परागपिंड अलगद काढून दुसऱ्याच्या चिकट कुक्षीवर ठेवणं, हा त्यातला सोपा भाग. बोंड धरलं तरी बी धुळीइतकं बारीक, त्यात रोपासाठी शिदोरी जवळजवळ नाहीच. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. साखर घातलेल्या अगारवर, बुरशीवाचून बी रुजवण्याची वनस्पतिशास्त्रज्ञ नड्सन यांची पद्धत आली 1922 साली. म्हणजे त्याआधी जवळजवळ तीस वर्षं बाईंनी हे रोप फुलापर्यंत नेलं होतं.

1899च्या सिंगापूर पुष्पप्रदर्शनात त्याला सर्वांत दुर्मिळ ऑर्किडचं पहिलं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी बाई गेल्या. आज ते दुर्मिळ नाही. फांदीचा तुकडा लावला की जगतं, ऊन भरपूर लागतं, शेंडा आधाराच्या वर गेला की फुलायला लागतं आणि मग वर्षभर थांबत नाही. हवाईत त्याच्या माळा होतात. सिंगापूरने 1981 साली त्याला राष्ट्रीय फूल केलं.