पांडुरंगाला हप्ता नव्हता

'कोसला' वाचून भारावलेली मुलं खानदेशात प्रत्येक पिढीत सापडतात. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली आलेल्या या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही तिकडूनच पुण्याला शिकायला जातो, म्हणून तो आम्हाला घरचा वाटतो. पण गेली काही वर्षं मी ही कादंबरी एकच प्रश्न घेऊन वाचतोय. पांडुरंगाच्या शिक्षणाचा पैसा कुठून येतो आणि त्याची नोंद कुठे राहते?

पैसा वडिलांचा, आणि नोंद दोघांच्या मनात. त्या पैशाला व्याज नाही, मुदत नाही, म्हणून तो फिटतही नाही. बापलेकांमधला ताण बराचसा या न लिहिलेल्या खात्यावर उभा आहे. नेमाडे हा धागा रडका होऊ देत नाहीत. पांडुरंग आपल्या उधळपट्टीबद्दलही त्याच तिरकस, 'वगैरे' म्हणून सोडून देणाऱ्या सुरात बोलतो.

त्याच्या वैफल्यावर 'अस्तित्ववादी' असा शिक्का मारला की त्याखालची शेतजमीन दिसेनाशी होते. पांडुरंग नापास होऊन गावी परतू शकतो. घर आहे, शेत आहे, बापाचं बोलणं ऐकत का होईना, भाकरी आहे. जगण्यात काही अर्थ नाही असं त्याला वाटलं, तरी पाच तारखेला कुठल्या खात्यातून काही वजा होत नाही.

आता आजचा पांडुरंग घ्या. समजा त्याने इंजिनीअरिंगसाठी चार वर्षं दरवर्षी १ लाख कर्ज उचललं, दर १० टक्के. शिक्षण संपेपर्यंत आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं. साधं व्याज धरलं तरी पाच वर्षांनी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार होतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण ७,१३६ रुपये आणि एकूण परतफेड साडेआठ लाखांवर. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि केंद्राच्या व्याज अनुदानात नाव बसलं, तर सवलतीच्या काळातलं व्याज सुटतं आणि हप्ता ५,२८६ वर येतो. उत्पन्नाच्या दाखल्याची किंमत इथे कळते.

'कोसला'चा नायक पंचवीस वर्षांचा आहे. आजच्या पोराचे पंचविशीत दोन वर्षांचे हप्ते भरून झालेले असतात.

माझं कर्ज धुळ्यातल्या एका शाखेतून निघालं. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही होती. त्यामुळे आमच्यातलं नातं 'कोसला'च्या बरोबर उलटं झालं. पांडुरंगाचा बाप पैसे देणारा, म्हणून बोलायचा हक्क त्याचा. माझे वडील माझ्यामुळे देणेकरी झाले आणि बोलायचे कमी झाले. फोनवर एवढंच, "हप्ता गया का, दादा?" मी "हो" म्हणायचो. मग कापसाचा भाव, पाऊस. एकदा हप्ता चुकला तेव्हा बँकेचा फोन मला यायच्या आधी त्यांना गेला. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या महिन्यात नोकरी सोडायचा विचार मी मनातून काढून टाकला. नैराश्य होतंच, पण ते शनिवार-रविवारी.

या मुलाच्या जवळ जाणारी कादंबरी म्हणजे सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२). तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेजारच्या बुलढाण्याकडच्या या कादंबरीतला एकनाथ शिकलेला आहे, पण मास्तरकीसाठी मागतात ते डोनेशन घरात नाही. देशमुख शिक्षणावरचा विश्वास कसा विझतो ते फार नेमकं दाखवतात. पण तिथलं कर्ज शेतीचं आहे, आणि एकनाथ गावातच अडकलाय. आमचा मुलगा शहरात अडकलाय. गावी परतला तर हप्ता थकतो, आणि हप्ता भरायचा तर परतता येत नाही.

म्हणून मला वाटतं, 'कोसला'चं बोट धरून लिहिणाऱ्या आजच्या तरुण लेखकांनी तिचा सूर उचलताना थोडं थांबावं. तो तुटलेपणा ज्या सवडीतून आला, ती सवड बापाच्या शेताने दिली होती. सवड नसलेल्या मुलाच्या तोंडी तोच सूर घातला की तो उसना वाटतो. त्याची भाषा वेगळी असणार. तो 'वगैरे' म्हणून विषय सोडू शकत नाही, कारण त्याला शेवटचा रुपयासुद्धा मोजावा लागतो. त्याच्या कादंबरीत कदाचित बंडखोरी नसेल. पुणे-धुळे रात्रीची एसटी असेल, पगाराचा मेसेज आणि त्यामागोमाग वजावटीचा मेसेज असेल, बहिणीच्या लग्नात न बोललेली रक्कम असेल, आणि बँकेकडून 'नो ड्यूज'चा कागद हातात आल्यावर बापलेकांनी आता कशावर बोलायचं हा प्रश्न असेल.

माझा तो कागद आता कपाटात, डिग्रीच्या फाइलीत आहे. वडील अजून फोन करतात. पावसापासून सुरुवात होते, आणि पुढचं वाक्य आम्हा दोघांनाही शोधावं लागतं.