पोथीचें ग्रंथाग्र आणि फाइलीचा चेकसम

पोथ्यांचीं छायाचित्रें काढून तीं संगणकांत ठेवण्याचा उद्योग हल्लीं आपल्याकडील लहानमोठ्या संग्रहांत सुरू झाला आहे. त्याजबरोबर एका साधनाचें नांव संग्राहकांच्या कानीं पडूं लागलें आहे, तें म्हणजे ‘शा२५६सम’. लिनक्स यंत्रावर तें याच नांवानें असतें. मॅकवर ‘शासम’ व विंडोजवर ‘सर्टयुटिल’ हीं साधनें तेंच काम करितात. त्यांस चित्रें नाहींत कीं बटणें नाहींत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी आणि उत्तराची एक ओळ वाचावी, एवढाच व्यवहार. एखाद्या ग्रंथाचें करावें तसें या साधनाचें परीक्षण करणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें. कारण त्याच्या शब्दावर विसंबून पुष्कळ मंडळी आपल्या मूळ पोथ्या कायमच्या कपाटबंद करूं लागली आहेत. साधन उत्तम आहे. त्याजविषयींची समजूत मात्र कच्ची आहे, आणि आमचा आक्षेप त्या समजुतीवर आहे.

हें साधन फाइलींतील सर्व मजकूर ५१२ बिटांच्या तुकड्यांनीं घुसळून त्याचा २५६ बिटांचा, म्हणजे ६४ अंकाक्षरांचा, एक आंकडा काढतें. हाच चेकसम. फाइल एका पानाची असो कीं संबंध दप्तराची, आंकड्याची लांबी तीच. मजकुरांतील एक बिट पालटला तरी आंकडा ओळखूं न येण्याइतका बदलतो. उलट फाइलीचें नांव बदला, ती दुसऱ्या कप्प्यांत हलवा, आंकडा तसाच राहतो. हे आंकडे एका यादींत लिहून ठेवावे, व पुढें ‘-सी’ हें चिन्ह व यादीचें नांव देऊन पडताळा मागावा. म्हणजे प्रत्येक फाइलीपुढें ‘ओके’ किंवा ‘फेल्ड’ असा निकाल येतो.

ही कल्पना पोथी हाताळणाऱ्यांस नवी वाटूं नये. पोथीच्या अखेरीस ‘ग्रंथाग्र’ म्हणून जो आंकडा असतो तो दुसरें काय आहे ? ३२ अक्षरांचा एक ग्रंथ धरून, गद्य असो वा पद्य, सबंध कृतीचें माप लिहावयाचें. लेखकाची मजुरी त्यावरून ठरावयाची, आणि कोणी मध्येंच पानें गाळलीं तर तें उघडकीस यावयाचें. मात्र ग्रंथाग्रास लांबीच कळते, क्रम कळत नाहीं. दोन श्लोकांची अदलाबदल झाली तरी संख्या जुळते. क्रम राखण्याची युक्ति वैदिकांनीं निराळी काढली. घनपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, मग पहिलें-दुसरें-तिसरें, उलट तिसरें-दुसरें-पहिलें, आणि पुन्हां सुलट, अशीं पदें फिरवीत गेल्यावर कोणतें पद कोणाच्या शेजारचें याविषयीं शंकाच उरत नाहीं. चेकसमला लांबीही कळते आणि क्रमही. पण घनपाठांत बिघडलेलें पद त्याच्या शेजाऱ्यांवरून पुन्हां बसवितां येतें. चेकसम फक्त ‘बिघडलें’ म्हणतो, कोठें तें सांगत नाहीं व दुरुस्तही करीत नाहीं. दुरुस्तीस दुसरी निर्दोष प्रतच लागते. यादी केली म्हणून दुसरी प्रत ठेवण्याची गरज सरली असें मानणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत, म्हणून हें लिहिणें भाग पडलें.

आतां मुख्य मुद्दा. ग्रंथाग्राचा ज्यांनीं अभ्यास केला आहे त्यांस ठाऊक आहे कीं मोजलेलें ग्रंथाग्र आणि उतरलेलें ग्रंथाग्र या दोन निराळ्या वस्तु आहेत. पुष्कळ नकलकार अक्षरें मोजीत नसत. समोरच्या पोथींत जो आंकडा असेल तोच, आणि कित्येकदां जुन्या पोथीचा शकही, आपल्या पोथीच्या शेवटीं उतरून मोकळे होत. अशा पोथींत शंभर श्लोक गळालेले असले तरी आंकडा आपला पूर्णच. चेकसमच्या याद्यांची आज हीच गत आहे. यादी एका डिस्कवरून दुसरीवर फाइलींबरोबर नकल होते, आणि ती जवळ आहे एवढ्यावरच संग्रह सुरक्षित मानला जातो. पडताळा कोणी मागत नाहीं. मागितला तरी यादी कोणत्या क्षणीं झाली हें कोणी विचारीत नाहीं.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेनें (नांव घेण्याचें कारण नाहीं) अनेक पोथ्यांच्या छायाचित्रांची डिस्क आम्हांस अभ्यासासाठीं दिली; सोबत व्यवस्थित यादीही होती. आम्हीं पडताळा मागितला. ओळीमागून ओळ ‘ओके’ आली, एकही ‘फेल्ड’ नाहीं. असें काटेकोर काम पाहून आम्हीं संस्थेस अभिनंदनाचें पत्रही धाडलें. पंधरा दिवसांनीं एक पान उघडावयास गेलों, तों तें उघडेना. फाइलीची लांबी पाहिली, ती शून्य. मग यादी पुनश्च वाचतां एकच आंकडा तींत अकरा ठिकाणीं आढळला. त्याचा आरंभ ‘ई३बी०सी४४२’ असा होता. रिकाम्या फाइलीचा या रीतीनें निघणारा आंकडा जगांत सर्वत्र हाच असतो. वाचकांनीं तो टिपून ठेवावा व आपापल्या याद्यांत शोधावा. शोध करतां उलगडा झाला तो असा : कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर नकल होत असतां कांहीं बिघाड होऊन अकरा फाइलींचीं नुसतीं नांवें तयार झालीं, आंत मजकूर उतरलाच नाहीं. यादी केली ती त्यानंतर, डिस्कवरून. तोंवर कार्ड पुसून दुसऱ्या कामास लागलें होतें. साधनानें असत्य असें कांहींच सांगितलें नाहीं. शून्य तें शून्यच राहिलें, एवढीच त्यानें ग्वाही दिली. पुरांत भिजलेल्या पोथीवर डाग तरी राहतो. येथें डागही नव्हता.

तेव्हां यादी कार्डावरूनच करावी, पहिल्या नकलेच्या आधीं, व नकल झाल्यावर तीच डिस्कवर ताडावी. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे : पडताळा यादींतील नांवांपुरताच होतो. यादींत नसलेली फाइल डिस्कवर असली तर साधन तिजकडे ढुंकूनही पाहत नाहीं. आणि ‘इग्नोअर-मिसिंग’ म्हणून जो पर्याय आहे तो यादींतल्या पण डिस्कवर नसलेल्या फाइलींविषयीं मौन पत्करतो. अर्धाच संग्रह उतरून घेणाऱ्यास तो सोयीचा असेल. संग्रह सांभाळणाऱ्यानें त्यास स्पर्श करूं नये. अमेरिकेंतील लायब्ररी ऑफ काँग्रेस व कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या मंडळींनीं घडविलेली ‘बॅगइट’ ही बांधणी २०१८ सालीं लिखित स्वरूपांत प्रसिद्ध झाली. तींत फाइली व त्यांचे आंकडे एकाच गांठोड्यांत विहित रीतीनें ठेवतात, आणि कमी झालेली व आगंतुक फाइल दोन्हीं पकडतां येतात. आपल्या संग्रहांनीं ती स्वीकारण्यास हरकत दिसत नाहीं.

छायाचित्रें सोडून टंकलिखित संहितेकडे वळावें तर निराळीच अडचण येते. ‘ऱ’ हें अक्षर युनिकोडांत एका संकेतानें लिहितां येतें, किंवा ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीं. डोळ्यांस दोन्हीं एकच, चेकसमला भिन्न. ओळीच्या शेवटाची खूण विंडोजवर दोन संकेतांची व लिनक्सवर एकाची, एवढ्यानेंही आंकडा पालटतो. आपण पाठभेद आणि लेखनभेद यांत विवेक करितों; या साधनास तो विवेक नाहीं. हा त्याचा दोष आम्ही मानीत नाहीं, परंतु ‘फेल्ड’ दिसतांच पाठ बिघडला म्हणून ओरड करणें अडाणीपणाचें होईल.

जुना ‘एमडी५’ (१९९१, कर्ते रोनाल्ड रिव्हेस्ट) टाकाऊ झाला काय, असें विचारणारे पुष्कळ आहेत. २००४ सालीं चिनी विदुषी वांग श्याओयुन व त्यांचे सहकारी यांनीं एकाच आंकड्याचे दोन भिन्न मजकूर बनवून दाखविले. २०१७ सालीं ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनें व गूगलनें ‘शा-१’ या रीतीचें तेंच करून दाखविलें. आमचें मत असें : कसरीविरुद्ध एमडी५ अजून पुरतो, बनावट सनद करणाऱ्याविरुद्ध पुरत नाहीं. पण बनावटीविरुद्ध शा२५६ तरी एकटा कोठें पुरतो ? फाइल व यादी एकाच ठिकाणीं ठेविल्या तर फाइल बदलणारा यादीही बदलील. फेब्रुवारी २०१६ मध्यें ‘लिनक्स मिंट’चें संकेतस्थळ फोडून लोकांस खोट्या फाइलीकडे वळविण्यांत आलें होतें, जें स्थळ फाइलीचा दुवा पालटूं देतें तें शेजारचा आंकडाही पालटूं देणार. सनदेची सत्यता तिच्यावरील शिक्क्यावरून ठरवावयाची तर शिक्का दुसऱ्याच्या पेटींत असावा लागतो. आम्ही यादी कागदावर छापून, खालीं सही व तारीख घालून, एका स्नेह्यांच्या घरीं ठेवतों. लोक हंसतात.

त्या अकरा पानांपैकीं नऊ पानें संस्थेच्याच पोथ्यांतील असल्यामुळें त्यांचीं छायाचित्रें पुन्हां काढतां आलीं. उरलेलीं दोन एका खासगी संग्राहकांच्या पोथींतलीं होतीं, व पोथी परत गेलेली होती. त्या गृहस्थांच्या पश्चात् घर विकलें गेलें. पोथीचा ठावठिकाणा अद्याप लागलेला नाहीं. त्या दोन फाइली आमच्या डिस्कवर अजून तशाच आहेत, आणि पडताळ्यांत त्यांपुढें दर वेळीं ‘ओके’ येतें.