काळा घोडा : नाव, शिल्प आणि रात्र

मुंबईच्या कोट भागातील ‘काळा घोडा’ या स्थळाचे वैशिष्ट्य असे की, तेथे घोडा नसतानाही सुमारे अर्धशतक त्याचे नाव अबाधित राहिले. १८७९ मध्ये तेथे उभारलेला, बोएम या शिल्पकाराचा ब्राँझचा पुतळा वस्तुतः घोड्याचा नव्हताच. तो पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर आलेल्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा होता. लोकांनी नाव दिले ते मात्र वाहनाला. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला. आज तो भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाजवळ उद्यानात आहे. २०१७ मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा घोडा या परिसरात उभा राहिला. त्याच्या पाठीवर कोणीही नाही.

हे नामकरण उपहासाने झाले की केवळ सोयीने, याचा निर्णय करण्याचे कारण नाही. परिणाम एकच होतो : ज्याच्यासाठी शिल्प उभारले गेले तोच नावातून गळतो. शिवाय हे नाव अद्याप व्याकरणदृष्ट्या सजीव आहे. ‘काळ्या घोड्यापाशी भेटू’ असे म्हणताना विशेषण व नाम या दोहोंचे सामान्यरूप होते; विशेषनाम झाले तरी त्यातील रंग व प्राणी झिजलेले नाहीत.

ग्रँट रोडच्या ‘पिला हाउस’शी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथील नाट्यगृहे हे रात्रीच्या मुंबईचे जुने आकर्षण. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे खेळ ग्रँट रोडच्या नाट्यगृहात झाले. ‘प्ले हाउस’मधील जोडाक्षर स्वरभक्तीने फुटले आणि अंत्य स्वर हिंदुस्थानी ‘पीला’च्या ओढीने बदलला असावा. मराठी माणसाने त्याचे ‘पिवळे घर’ केले नाही. तेथे रंग हा ध्वनीचा अपघात आहे. काळ्या घोड्यात तो डोळ्यांनी पाहिलेला आहे.

काळ्या घोड्याच्या परिसरातही रात्रीच्या करमणुकीची परंपरा लहान नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली ती येथील वॉटसन हॉटेलात. आज ती इमारत मोडकळीस आलेली आहे. १९५२ चे जहांगीर कलादालन संध्याकाळी सातला बंद होते व पदपथावर चित्रे मांडणारे आपापली चित्रे आवरतात. संध्याकाळ रेंगाळण्याची दोन ठिकाणेही उरली नाहीत : समोवार उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये. यानंतर रात्री फिरणाऱ्यास विनामूल्य व विनापरवानगी जे पाहता येते ते एवढेच : इमारतींचे दर्शनी भाग, दिव्यांचा उजेड आणि घोडा. १९९९ पासून भरणाऱ्या कला महोत्सवाच्या रात्री याला अपवाद होत. तेव्हा रस्ता वाहनांना बंद होतो आणि माणसे शिल्पांच्या मधून चालतात. त्यांतील बऱ्याच कलाकृती पाटी वाचल्यावाचून कळत नाहीत, ही गोष्ट सार्वजनिक कलेच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे.

नव्या घोड्यास पाटी लागत नाही. ती लोकांनी आधीच लिहून ठेवली होती. शिल्पावरून नाव पडते हा नेहमीचा क्रम; येथे नावावरून शिल्प घडले. स्वार पुन्हा बसविला नाही, हा निर्णय लोकभाषेचा मान राखणारा असून तो योग्यच होय. तथापि त्यात एक हानीही झाली आहे. जुन्या पुतळ्यात राजपुत्र डोळ्यांसमोर असताना लोक त्याला वगळीत होते. ‘काळा घोडा’ या दोन शब्दांत एक मूक नकार होता. नव्या शिल्पात वगळण्याजोगे कोणीच नाही. त्यामुळे तेच नाव आता निव्वळ वर्णन झाले आहे, आणि शिल्प त्या वर्णनाचे चित्र. दिवसा हे जाणवते.

रात्री मात्र ब्राँझच्या अंगावरचे तपशील अंधारात विरतात आणि रस्त्याच्या दिव्यापुढे केवळ बाह्यरेखा उरते. तिच्या पाठीची रिकामी जागा तेव्हा अधिक ठळक दिसते. जाणाऱ्याला जुन्या पुतळ्याची माहिती असो वा नसो, या घोड्यावर कोणी का नाही, हा प्रश्न त्याला पडू शकतो. आणि त्याचे उत्तर शिल्पात नाही, भायखळ्यात आहे.