जिंकण्याचे सल्ले काय शिकवतात?

संगणकावरचे खेळ म्हटले की धावपळ, मारामारी आणि वाया गेलेला वेळ एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ याला अपवाद आहे. तो बुद्धिबळासारखा पाळीपाळीने, विचार करत खेळायचा असतो. इ.स.पूर्व ४००० मध्ये एक वसाहत वसवायची आणि शेती, लेखन, कारखाने असे टप्पे ओलांडत अवकाशयानापर्यंत पोहोचायचे. या खेळाभोवती जाणत्या खेळाडूंनी सल्ल्यांचे मोठे भांडार उभे केले आहे. येथे परीक्षण करायचे आहे ते या सल्ल्यांचे.

सुरुवातीच्या आवृत्त्यांतील एक प्रसिद्ध सल्ला असा: शहरे लहान ठेवा, पण जवळजवळ आणि भरपूर वसवा. असे का, ते साध्या गणिताने कळते. शहरातील प्रत्येक नागरिक नकाशावरचा एक चौकोन कसतो. शहर ज्या चौकोनावर उभे असते त्याचे उत्पन्न मात्र फुकट मिळते. म्हणजे पाच नागरिकांचे एक शहर सहा चौकोनांचे उत्पन्न घेते, तर एकेका नागरिकाची पाच शहरे दहा चौकोनांचे. खाणारी तोंडे दोन्हीकडे पाचच!

हा शोध खेळाडूंनी निरीक्षण आणि आकडेमोड करून लावला, हे कौतुकास्पद आहे. पण तो शोध कशाविषयीचा आहे? नगररचनेविषयीचा नव्हे, तर खेळाच्या एका नियमाविषयीचा. पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे हे पटेल. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत राजधानीपासूनचे अंतर आणि शहरांची संख्या यांनुसार भ्रष्टाचार वाढू लागला. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक नव्या शहराचा खर्च तिजोरीवर पडू लागला. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत शहरे वाढली की प्रजेची नाराजी वाढे. त्या आवृत्तीसाठी ‘चारच शहरे वसवा, पण ती मोठी करा’ हा सल्ला रूढ झाला. इतिहास तोच राहिला, नियम बदलले, आणि शहाणपण उलटे झाले.

सल्ला आयता घेणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. तो गाईडमधली उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यासारखा डाव जिंकतो, पण का जिंकला हे त्याला सांगता येत नाही.

याउलट खेळाडूंची एक सामुदायिक पद्धत शिक्षकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. एकाने दहा-वीस पाळ्या खेळायच्या, डाव जतन करायचा, काय केले व का केले ते लिहायचे आणि डाव पुढच्याच्या हाती द्यायचा. आपला निर्णय दुसऱ्याला निस्तरावा लागणार असल्याने कारणे स्पष्ट मांडावी लागतात. आणखी एका प्रकारात सर्वांना एकच आरंभस्थिती दिली जाते व नंतर निकालांची तुलना होते. प्रयोगात ज्याला आपण इतर घटक स्थिर ठेवणे म्हणतो, त्याच्या हे फार जवळ जाते. अर्थात लढायांचे निकाल काही अंशी यदृच्छेवर अवलंबून असतात. म्हणून एका विजयाने कोणतीही युक्ती सिद्ध होत नाही. पुष्कळ वृत्तांतांतून ही सावधगिरी दिसत नाही.

सावधगिरी सुटली की काय होते, याचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत भारताचे नेते म्हणून गांधीजी होते. त्यांची आक्रमकता १ होती. लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले. आठ बिटांच्या त्या जागेत उणे संख्या मावत नसल्याने उत्तर २५५ आले आणि गांधीजी अणुबाँब टाकू लागले, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. असा दोष पहिल्या खेळात नव्हताच, हे मायर यांनी २०२० च्या आत्मकथनात स्पष्ट केले. स्पष्टीकरण तर्कशुद्ध होते, चटकदारही होते. फक्त ते तपासलेले नव्हते.

सल्ल्यांतील सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. नकाशावर ठिकठिकाणी वन्य जमातींच्या झोपड्या असतात. तेथे प्रथम पोहोचणाऱ्याला सोने, सैनिक किंवा एखादी विद्या मिळू शकते. क्वचित हल्लाही होतो. सल्ला एवढाच, की झोपड्या लवकर गाठा. त्या कोणाच्या, तेथील माणसांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला गुण नाहीत. सल्ला नियमांच्या आत फार बारकाईने पाहतो, नियमांकडे मात्र पाहत नाही.

वर्गात हा खेळ वापरायचा झाल्यास जिंकण्याच्या युक्त्या सांगण्याऐवजी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत. ही युक्ती कोणत्या नियमामुळे चालते? तो नियम बदलला तर काय होईल? आणि प्रत्यक्ष इतिहासातील कोणती गोष्ट या नियमांत बसलीच नाही? लोकसंख्या, हवामान किंवा रोगप्रसार यांच्या कोणत्याही गणिती प्रतिमानालाही हेच प्रश्न विचारावे लागतात.