काडाचे सोने : फ्रेंच जडावपेट्या आणि श्रमाचे मूल्य

कलावस्तूचे मूल्य तिच्या द्रव्यावरून ठरते की तिच्यासाठी वेचलेल्या श्रमावरून, हा सौंदर्यविचारातील जुना प्रश्न आहे. फ्रान्समधील काडाच्या जडावकामाच्या पेट्या या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतात. गोठ्यात अंथरले जाणारे काड येथे उच्चभ्रूंच्या भेटवस्तूचे रूप धारण करते.

या कलेत ‘राय’ नावाच्या, गव्हासारख्या तृणधान्याचे काड वापरतात. प्रत्येक काडी उभी चिरून, उलगडून आणि घासून सपाट केली जाते. या अरुंद फिती लाकडी वा पुठ्ठ्याच्या पेटीवर एकीला लागून एक अशा चिकटवतात. काडातील नैसर्गिक सिलिकेमुळे पृष्ठभागाला झळाळी येते. वॉर्निशची गरज उरत नाही. फितींची दिशा बदलली की एकाच रंगाच्या वेगळ्या छटा दिसू लागतात.

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सोन्याच्या व मीनाकामाच्या तपकिरीच्या डब्या भेट देण्याची प्रथा होती. काडाच्या पेट्यांनी त्याच सोन्याचा आभास निर्माण केला. त्यामुळे त्यांना श्रीमंती वस्तूंचे स्वस्त अनुकरण ठरवले जाण्याची शक्यता आहे. परंतु हे मत अपुरे आहे. सोन्याच्या डबीत द्रव्याची किंमत श्रमाला झाकून टाकते. काडाला मात्र स्वतःची अशी किंमत नसल्याने येथे श्रमच मूल्य ठरतो.

याची साक्ष फ्रान्सबाहेर मिळते. इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील युद्धकैद्यांच्या छावणीत (१७९७–१८१४) फ्रेंच कैदी अशा पेट्या घडवून विकत असत. काडाच्या वेण्या विणून विकण्यास त्यांना मनाई होती, कारण त्यामुळे स्थानिक मजुरांचा धंदा बुडत होता. म्हणजे एकच काड एका रूपात शोभेची वस्तू होते, तर दुसऱ्या रूपात गुन्हा. कैद्यांनी घडवलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहे. त्यांतील बहुसंख्य कारागिरांची नावे मात्र अज्ञात आहेत.

विसाव्या शतकात चित्र पालटते. १९२० व १९३०च्या दशकांत झाँ-मिशेल फ्रांक या रचनाकाराने काडाचे जडावकाम अभिजनांच्या दालनांतील फर्निचरवर आणले. त्याच काळातील आंद्रे ग्रूल यांची नात लिझाँ द कोन यांनी पुढे या मागे पडलेल्या कलेला नवजीवन दिले. फ्रेंच शासनाने त्यांना ‘मेत्र दार’ हा किताब देऊन गौरवले. कारागिराला नाव मिळाले, ही स्वागतार्ह घटना होय. तथापि श्रमाला प्रतिष्ठा लाभताच ती वस्तू सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली, हा यातील अंतर्विरोधही नजरेआड करता येत नाही. कैद्याची पेटी आणि आजची पेटी यांत काड तेच आहे, हातांचे कसबही त्याच जातीचे आहे; फरक आहे तो कारागिराच्या सामाजिक स्थानाचा.

जुन्या पेट्यांचा बाहेरचा रंग प्रकाशाने विटलेला आढळतो. झाकण उघडल्यावर मात्र आतील फितींचे रंग अनेकदा ताजे दिसतात. या पेट्यांची समीक्षाही बाह्य झळाळीपाशी थांबू नये. झाकणाआड राहिलेल्या अनामिक हातांची दखल घेतल्याखेरीज तिला पूर्णता येणार नाही.