‘उत्क्रांती’तील ‘उत्’ : एका परिभाषेची चिकित्सा

मराठी समीक्षेत ‘उत्क्रांती’ हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा भासत नाही. ‘कादंबरीची उत्क्रांती’, ‘नाट्यतंत्राची उत्क्रांती’ अशी शीर्षके प्रबंधांतून आणि पाठ्यक्रमांतून सर्रास आढळतात आणि तेथे हा शब्द ‘विकास’ याचा पर्याय म्हणून, किंबहुना अधिक शास्त्रीय भासणारा पर्याय म्हणून योजलेला असतो. जीवशास्त्राकडून समीक्षेने प्रतिष्ठा घेतली. जीवशास्त्रातील यंत्रणा मात्र घेतली नाही.

या शब्दावर पहिली महत्त्वाची हरकत समीक्षकाची नव्हे, लोकमान्य टिळकांची आहे. ‘गीतारहस्या’त (१९१५) सांख्यांची सृष्ट्युत्पत्ती आणि पाश्चात्त्य उत्क्रांतिवाद यांची तुलना करताना त्यांनी नोंदविले, की संस्कृतात ‘उत्क्रांति’ म्हणजे मृत्यू. म्हणून ‘गुणविकास’, ‘गुणोत्कर्ष’ वा ‘गुणपरिणाम’ हे शब्द अधिक युक्त होत. भाषिकदृष्ट्या हरकत बिनतोड आहे. वेदान्तातही उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणे. परंतु टिळकांच्या पर्यायांकडे पाहिले तर ‘विकास’ आणि ‘उत्कर्ष’ या दोहोंत चढण कायमच राहते. ‘परिणाम’ हा एकच शब्द दिशेविषयी मौन पाळतो, आणि नेमका तोच रुळला नाही. रूढ झालेल्या शब्दातून मृत्यू गळाला आणि ‘उत्’ या उपसर्गातील ऊर्ध्वगती तेवढी उरली.

ऊर्ध्वगतीचा हा आग्रह केवळ मराठीचा नाही. ‘इव्होल्यूशन’ या शब्दाच्या मुळाशी गुंडाळी उलगडण्याची लॅटिन कल्पना आहे. जे आत आधीच लिहिलेले आहे तेच बाहेर येते, असा तिचा ध्वनी. डार्विनने १८५९च्या पहिल्या आवृत्तीत हे नाम वापरलेच नाही. ग्रंथाचे शेवटचे क्रियापद तेवढे त्या धातूचे आहे. ‘नैसर्गिक निवड’ या आपल्या रूपकाविषयीही तो सावध होता. निवड म्हटली की निवडणारा आला, या आक्षेपाला १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीत उत्तर देताना शब्दशः घेतल्यास ही संज्ञा चुकीची ठरेल, हे त्याने मान्य केले.

यंत्रणा तशी मोजक्या शब्दांत सांगता येते. एका समूहातील जीव परस्परांहून थोडे भिन्न असतात. त्यांतील काही भेद आनुवंशिक असतात. आणि त्या भेदांमुळे काहींची संतती अधिक उरते, काहींची कमी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने गालापागोसमधील डॅफ्ने मेजर या बेटावर १९७३पासून फिंच पक्ष्यांचा जो अभ्यास केला, त्यात ही प्रक्रिया प्रत्यक्ष मोजली गेली. १९७७च्या अवर्षणात लहान, मऊ बिया संपल्या. मोठ्या, कठीण बिया उरल्या. मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. जगले ते प्रामुख्याने जाड चोचीचे, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. एवढ्यावर कथा थांबली असती तर ‘प्रगती’ म्हणता आले असते. परंतु १९८३च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचा सुकाळ झाला आणि १९८४-८५मध्ये निवडीचा कल उलटला : आता लहान चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले. कोणत्याही एका पक्ष्याची चोच गरजेपोटी वाढली नव्हती की घटली नव्हती. बदलली ती समूहातील प्रमाणे, आणि तीही बहुतांशी मृत्यूच्या द्वारे. टिळकांनी ज्या अर्थासाठी शब्द नाकारला तोच अर्थ येथे यंत्रणेच्या केंद्रस्थानी आहे!

मराठी समीक्षेचे वाक्य मात्र ‘साठी’ आणि ‘म्हणून’ यांवर चालते. ‘बदलत्या काळाच्या गरजेतून वास्तववादी कादंबरी जन्मास आली’ हे विधान डार्विनपेक्षा लामार्कच्या अधिक जवळचे आहे. त्यात गरज आधी, भेद नंतर. शिवाय एक रूप दुसऱ्याला जन्म देऊन निवृत्त होते असे गृहीत धरले जाते. फ्रेंच समीक्षक ब्रुनेतिएर याने १८९०मध्ये वाङ्मयप्रकारांच्या उत्क्रांतीचा जो सिद्धान्त मांडला त्यातही प्रकार जन्मतो, प्रौढ होतो, क्षीण होतो. हे एका देहाचे चरित्र झाले. त्यात समूह नाही.

या शिडीची किंमत आरंभीच्या मराठी कादंबरीने मोजली आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या खालच्या पायऱ्या, ‘मोचनगड’ (१८७१) मधली, आणि ‘करमणूक’मधून १८९०पासून क्रमशः आलेली हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वरची, असा क्रम विद्यार्थी पाठ करतात. पण विधवांच्या दुःस्थितीवरची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, म्हणजे या सर्वांच्या आधीची आहे. शिडी मानली तर पहिलीच पायरी जागेवर नाही, आणि तिला ‘अकाली’ किंवा ‘अपवादात्मक’ म्हणण्यावाचून इतिहासकाराला गत्यंतर उरत नाही. शाखांचे चित्र मानले तर अडचण उरत नाही : एकाच काळात भिन्न रूपे नांदत होती, त्यांचे वाचक आणि प्रयोजने वेगळी होती, आणि अद्भुतरम्य कादंबरी ही कोणाची अपक्व पूर्वावस्था नव्हती. डार्विनच्या ग्रंथातील एकमेव आकृतीही शाखांचीच आहे.

तगून राहणे हा गुणवत्तेचा पुरावाही नव्हे. रेण्वीय पातळीवरील बहुसंख्य बदल निवडीच्या दृष्टीने तटस्थ असून केवळ योगायोगाने स्थिरावतात, हे किमुराने १९६८मध्ये मांडले. अभिजात कृतींच्या यादीकडे पाहताना या शक्यतेची आठवण मराठी समीक्षेला क्वचितच होते. फ्रँको मोरेत्ती याने २०००मधील निबंधात कॉनन डॉयलच्या विस्मृत समकालीनांच्या गुप्तहेरकथा एकत्र वाचल्या आणि ‘सूत्रां’चा वापर हा भेद तपासला; निबंधाच्या शीर्षकातच त्याने कत्तलखान्याची प्रतिमा योजली.

अर्थात हे साम्य फार ताणता येणार नाही. जीवशाखा एकदा दूर गेल्या की सहसा पुन्हा मिळत नाहीत. संस्कृतीच्या शाखा मात्र सतत एकमेकींत शिरतात, हे मानवशास्त्रज्ञ क्रोबर याने दोन वृक्षांच्या आकृत्या शेजारी ठेवून दाखविले होते. ‘मुक्तामाले’त संस्कृत कथापरंपरा आणि इंग्रजी अंमलात बदललेली वाचनाभिरुची एकत्र येतात, तेव्हा जनुकीय वारशाची परिभाषा अपुरी पडते. तेथे जीवशास्त्राने दिलेला ‘समूह’ उपयोगी, ‘वंश’ फारसा नाही. त्या दृष्टीने १८६० ते १८९० या तीन दशकांतील कादंबऱ्या, आज कोणी न वाचणाऱ्याही, एकत्र वाचण्याचे काम मराठीत अद्याप बरेचसे शिल्लक आहे.