पाठीराखे संत आणि त्यांची चरित्रे

कॅथलिक संतांविषयी आपल्याकडील सुशिक्षित घरांत जे काही ठाऊक असते, ते बहुधा त्यांच्या चरित्राविषयी नसते. त्यांच्याकडे लोकांनी सोपविलेल्या कामाविषयी असते. वस्तू हरवली तर संत आंतोनीस सांगावे, दाढ दुखू लागली तर संत अपोलोनियेस आळवावे, प्रवासास निघताना संत क्रिस्तोफराचे स्मरण करावे, इतके आपण गोव्याच्या किंवा वसईच्या स्नेह्यांकडून ऐकलेले असते. हे ऐकून हसण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. आम्ही हे लिहितो त्या वारणानगराहून वाडी रत्नागिरीचा ज्योतिबा फार दूर नाही. चैत्री यात्रेत सासनकाठीमागून गुलाल उधळीत जाणाऱ्यांत नवस बोलावयास आणि फेडावयास आलेले थोडे नसतात. वांद्र्याच्या मोतमाउलीपुढे मेणाचे हातपाय वाहणारांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. गरजवंताची भाषा सर्वत्र एकच आहे. तेव्हा आमचा प्रश्न श्रद्धेचा नसून वाङ्मयाचा आहे: एखाद्या संताकडे असे काम सोपविले गेले, म्हणजे त्याच्या चरित्राचे काय होते?

ही कामे संतांकडे कशी आली हे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक ठिकाणी चरित्रातील एकच प्रसंग उचललेला असतो. अपोलोनियेचे दात छळ करणारांनी पाडले, म्हणून ती दातांची कैवारीण. संत लॉरेन्स यास इ. स. २५८ मध्ये लोखंडी जाळीवर भाजून मारले अशी कथा आहे, म्हणून तो आचाऱ्यांचा पाठीराखा. आसिसीची संत क्लारा आजारीपणामुळे नाताळच्या उपासनेस जाऊ शकली नाही, तेव्हा ती उपासना तिला अंथरुणावरूनच दिसली, अशी आख्यायिका आहे. तेवढ्या आधारावर १९५८ साली बाराव्या पायस पोपांनी तिला दूरचित्रवाणीची पाठीराखी ठरविले. आता याच दोघांच्या चरित्रांतून काय गळले ते पाहा. चर्चचा खजिना हवाली कर असे फर्मान आले तेव्हा लॉरेन्सने गावातील दीनदुबळे अधिकाऱ्यापुढे उभे केले आणि 'हाच आमचा खजिना' असे सांगितले, ही कथा जाळीच्या कथेइतकीच जुनी आहे. क्लारेने निर्धन राहण्याचा आपल्या भगिनींचा हक्क जन्मभर झगडून मिळविला, आणि तिने लिहिलेल्या नियमावलीस पोपांची मान्यता १२५३ साली, तिच्या मृत्यूच्या अवघे दोन दिवस आधी आली. जाळी राहिली, खजिना गेला. चित्र राहिले, झगडा गेला.

मराठीपुरते बोलावयाचे तर हा प्रश्न आपणांस परका नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापून निघाले, हे आपल्या वाचकांस ठाऊक असतेच. पण त्याच जेजुइट परंपरेत संतचरित्रेही लिहिली गेली, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याने संत पीटराच्या चरित्रावर मराठी ओव्यांचा प्रचंड ग्रंथ रचला; तो १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात प्रसिद्ध झाला. त्याच्या पोर्तुगीज नावातच या पूर्वदेशीच्या धर्मातील चुकांचे खंडन करण्याचा हेतू सांगितलेला आहे. आमच्या मते या ग्रंथाचे दुर्दैव येथेच सुरू होते. चरित्र वादाचे हत्यार झाले, की चरित्रनायक मागे पडतो आणि प्रतिपक्षीच पानोपानी दिसू लागतो. याच्या उलट दिशेस आंतोनियु द साल्दान्य यांची १६५५ सालची संत आंतोनीची 'जीवित्वकथा' आहे. तिच्यातील अद्भुतकथांचा भाग पुढे अ. का. प्रियोळकरांनी 'सांतु आंतोनीची अचर्या' या नावाने संपादिला. 'अचर्या' म्हणजे आश्चर्ये. जीवित्व आणि अचर्या हे दोन शब्द शेजारी ठेविले, तर संतचरित्र या वाङ्मयप्रकारातील सारी ओढाताण त्यांत सामावते. संताचे जगणे सांगावयाचे, की त्याने केलेले चमत्कार?

आंतोनीच्या बाबतीत लोकांनी याचा निकाल केव्हाच लावला आहे. त्याची स्तोत्रसंहितेची पोथी एक उमेदवार साधू घेऊन पळाला, आंतोनीने प्रार्थना केली, आणि पोथी परत आली. या एका कथेवरून तो हरवलेल्या वस्तूंचा शोधक ठरला. गोव्यात शिवोलीच्या चर्चमध्ये त्याच्या हाती दोरीला बांधलेला नागही आहे. परंतु लिस्बन शहरी जन्मलेला हा विद्वान, मोरोक्कोत मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंचे अवशेष पाहून आपला जुना मठ सोडतो, त्याच मरणाच्या ओढीने मोरोक्कोस जातो, आजारी पडून परत फिरतो, वाऱ्याने भरकटलेल्या जहाजातून सिसिलीस लागतो आणि अखेर पादुआ नगरात गोरगरिबांचा उपदेशक होतो, हे चरित्र कोणास आठवते? आणि त्या चरित्राचा कळस तर आणखीच निराळा आहे. १५ मार्च १२३१ रोजी पादुआ नगराने एक ठराव केला: कर्जदाराने आपली मालमत्ता सोडून दिली असता त्यास केवळ कर्जापायी तुरुंगात ठेवू नये. हा ठराव बंधू आंतोनीच्या विनंतीवरून होत आहे, असे ठरावातच नमूद आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १३ जून रोजी, आंतोनी वारला; आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्यास संतपद मिळाले.

हे वाचताना मराठी वाचकास तुकोबांची आठवण न होणे अशक्य आहे. साल्दान्य यांचा ग्रंथ निघाला तेव्हा तुकोबांच्या प्रयाणास जेमतेम पाच वर्षे झाली होती. महीपतीबुवा सांगतात की, दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी वडिलार्जित सावकारीची खतपत्रे काढिली, धाकट्या भावाचा वाटा त्यास दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. तेच महीपतीबुवा पुढे अभंगांच्या वह्या तेरा दिवसांनी त्याच नदीतून कोरड्या वर आल्याचेही सांगतात. लोकस्मृतीने कोणती गोष्ट उराशी धरिली हे सांगणे न लगे. दोघांच्याही कथेत हरवलेली पोथी परत येते, आणि दोघांच्याही कथेत कर्ज सुटते. दोन्ही देशांत पोथी लक्षात राहिली व कर्ज विसरले गेले. वस्तुतः सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करणे बंद झाले. ज्या महाराष्ट्रास हा न्याय साडेसहाशे वर्षांनी मिळाला, त्यास पादुआचा तो ठराव किल्ल्या शोधून देण्याच्या कथेहून शतपट मोलाचा वाटावयास हवा.

यावर कोणी म्हणेल, अद्भुत गाळून टाकिले तर संत उरतच नाही. आमचे म्हणणे तसे नाही. आंतोनीचीच दुसरी एक आख्यायिका पाहा: एका सावकाराच्या अंत्यविधीत तो म्हणाला, 'याचे हृदय याच्या तिजोरीत शोधा', आणि ते तेथेच सापडले. ही कथा खरी नसेल, पण ती चरित्राशी इमान राखते. ठरावामागील माणूस ती दाखविते. आख्यायिकेची परीक्षा ती घडली की नाही एवढ्यावरच करू नये. ती आपणांस चरित्राकडे नेते की चरित्रापासून दूर नेते, हेही पाहावे. आख्यायिका आणि इतिहास वेगळे ओळखण्याचे काम खुद्द जेजुइटांतीलच बोलांदिस्त पंडितांनी १६४३ पासून चालविले आहे. त्याने कोणाची भक्ती आटली असे दिसत नाही. १९६९ साली क्रिस्तोफराचा सण चर्चच्या सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला, तरी प्रवाशांच्या गळ्यातील त्याची पदके उतरली नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही प्रांजळपणे मान्य करितो. लोकांनी काम सोपविले म्हणूनच आंतोनीचे नाव तरी घरोघर राहिले. ज्याच्याकडे काही मागावयाचे नाही, त्याचे स्मरण कोण करितो? वसईस जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियाचे उदाहरण समोर आहे. जपानात जेजुइटांजवळ त्याने वर्षानुवर्षे सेवा केली, पण त्यांच्या संघात त्यास प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारी झाला; पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कनांचा बंधू झाला; १५९३ साली त्यांच्या मंडळाबरोबर दुभाष्या म्हणून जपानास परतला; आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस जणांसह क्रुसावर मेला. १८६२ साली त्यास संतपद मिळाले. परभाषेत दुसऱ्याचे शब्द पोचविता पोचविता ज्याने प्राण दिला, असा हा आपल्या मातीतला माणूस; पण भाषांतरकार आपला पाठीराखा म्हणून ग्रंथकार जेरोमकडे पाहतात, आणि वसईबाहेरच्या किती मराठी घरांत गोन्सालोचे नाव माहीत आहे?

तेव्हा पाठीराखेपण ही एक पेटी आहे. ती नाव जपते, पण आतले जीवन दडविते. पेटी फोडावयाची नाही, उघडावयाची आहे. मराठीत कॅथलिक संतांची चरित्रे पुढे जे लिहितील, मग ते ख्रिस्ती असोत वा अन्य, त्यांनी लोकांच्या गाऱ्हाण्यापासून आरंभ करावा, पण तेथेच थांबू नये. आंतोनीपाशी किल्ली मागावयास आलेल्या वाचकास त्यांनी हात धरून पादुआच्या त्या ठरावापर्यंत न्यावे. आमच्या संतांच्या चरित्रकारांनीही तुकोबांच्या कोरड्या वह्यांपासून बुडालेल्या खतांपर्यंत परत यावे. हरवलेले सारे शोधून देणाऱ्या संताचे चरित्रच हरवावे, हा दोष त्याच्या भक्तांचा नव्हे. तो आम्हां लिहिणारांचा आहे.